तारांकित रकान्यातला संगीतकार

अबुधाबीतल्या रुवैसच्या रिफायनरीत एकतीस वर्षे व्हॉल्व्ह तपासून निवृत्त झालेल्या दत्तप्रसादांची मागणी मोजकी होती: मराठी मंडळाच्या स्नेहसंमेलनात एका सोव्हिएत संगीतकाराचे नाव रंगमंचावरून एकदा, स्पष्ट उच्चारात, घेतले जावे. पुढच्या महिन्यात ते पत्नी शोभनाताईंसह कायमचे मिरजेला परतणार होते. म्हणजे संधी एकच.

डिप्लोमा होताच ते ज्या कारखान्यात लागले, तिथल्या रशियन फोरमनने त्यांना मायक्रोमीटर धरायला आणि या संगीतकाराची गाणी गुणगुणायला शिकवले होते. बॉयलर-कामगाराच्या या मुलाने तीनशे गाण्यांना चाली दिल्या. अख्खा देश ती लग्नांत गाई आणि कोणाची म्हणून विचारले, तर 'लोकगीत' म्हणून मोकळा होई. प्रत्येक गाणे आधी मंजुरीसाठी सरकारी कलापरिषदेपुढे जाई. फलाटावर ताटकळणाऱ्या मुलीचे गाणे परिषदेने परत धाडले, कारण सोव्हिएत गाडीला उशीर होत नाही. संगीतकाराने गीतकाराला गाठून दुरुस्ती करून घेतली: गाडी वेळेवरच येते, मुलगी लवकर येते. गाणे मंजूर झाले. चाल उदासच राहिली. परिषदेत चाल कळणारे कोणी नव्हते.

हे सारे दत्तप्रसादांनी आकृत्यांसह चाळीस मिनिटांच्या भाषणात बसवले, फलाटावरचे गाणे मराठीत उतरवले आणि सपत्नीक दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समध्ये मंडळाचे सचिव उपेंद्र यांच्या घरी गेले.

उपेंद्र दिवसा एका बँकेत कंप्लायन्स, म्हणजे नियमपालन, पाहत आणि संध्याकाळी मंडळात. कलाकाराचे नाव टाइप करताच कार्यक्रमाच्या ऑनलाइन फॉर्मने तीन तारांकित, म्हणजे सक्तीचे, रकाने पुढे केले: राष्ट्रीयत्व, वैध ओळखपत्र, संमतीची सही. राष्ट्रीयत्वाच्या यादीत सोव्हिएत संघ नव्हता.

"तो देश आता नाही," दत्तप्रसाद म्हणाले. "संगीतकारही ब्याऐंशी साली वारले."

"म्हणजे ओळखपत्र एक्स्पायर्ड. रिन्यू होईल का, काका?"

"इन्शाल्ला," शोभनाताई चहाच्या कपात बघत म्हणाल्या.

उपेंद्रने मार्ग काढला. "असं करू. नाव टाकलं की आयडी लागतो. नावच नसलं तर 'पारंपरिक' टिक करायचं, सगळे स्टार जातात. खलास."

निदान भाषणात तरी नाव घेता येईल ना, असे दत्तप्रसादांनी विचारले. येईल, पण फॉर्मवर नसलेली व्यक्ती भाषणात आली की ते विषयांतर ठरते, असे समजले. पुढे समितीने आणखी विचार केला. पारंपरिक गाण्याला चाळीस मिनिटांचा इतिहास कशाला, म्हणून भाषण दोन मिनिटांचे झाले. दोन मिनिटांसाठी वक्त्याला माइक लावण्यात तीन मिनिटे जातात, म्हणून ते निवेदिकेकडे गेले. कौटुंबिक कार्यक्रमात मुलगी फलाटावर एकटी नको, म्हणून सोबत आई दिली. चालीला आक्षेप नव्हता. ती कोणी ऐकलीच नव्हती.

स्नेहसंमेलनात गाणे तुफान गाजले. दोन वेळा वन्स मोअर मिळाला. नात मिहिका म्हणाली, "आजोबा, इट्स सो कॅची." वडापावच्या रांगेत तीनशे माणसे तीच चाल गुणगुणत होती.

दत्तप्रसाद मुद्दाम दारापाशी उभे राहिले. खिशात त्यांनी स्वखुशीने छापलेली चाळीस कार्डे होती: नाव, जन्म, मृत्यू आणि उच्चारासाठी अक्षरांची फोड. कोणी विचारलेच, तर तयारी असावी. लोक थांबले, हात हातात घेऊन अभिनंदन करून गेले. एका बाईंनी सुकी चटणी कुठे आहे, असे विचारले. शेवटी खुद्द उपेंद्र आले. दत्तप्रसादांचा हात खिशात गेला.

"काका, सुपरहिट. एक सांगा, हे कोकणातलं ना?"

कार्डे अजून चाळीसच आहेत. मिरजेच्या बॅगेत सर्वांत वर ठेवली आहेत, न जाणो विमानात कोणी विचारले तर. मंडळाला दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना फॉर्म पुढे सरकवायचा होता. तुम्हाला तर कसलीच घाई नव्हती. त्या माणसाचे वडील काय करत, त्याने किती गाणी केली, तो कधी वारला, हे सारे निवांत वाचत आलात. नाव विचारलेत?