अकरा पावलांचा अर्ज

अर्ज मंजूर झाला असता, तर शेखरची दर खेपेला एकोणसाठ पावलं वाचली असती. पंचवटीतल्या त्या कार्यालयात त्याचं टेबल दुसऱ्या मजल्यावर आणि शौचालय तळमजल्यावर. अंतर सत्तर पावलं. तळमजल्यावर आवक-जावकचं टेबल रिकामं होतं. तिथून अकरा. ते टेबल मिळावं, एवढाच अर्ज.

शेखरच्या पोटाला रोग सापडत नव्हता, हाच त्याचा रोग होता. सोनोग्राफी नॉर्मल, एन्डोस्कोपी नॉर्मल. पण साहेबांनी "जरा या" म्हटलं, की निरोप आधी आतड्यांना पोचायचा. डॉक्टरांनी लिहून दिलं, 'तणावामुळे'. त्यावर कार्यालयाचा शेरा पडला, 'तणावाचा पुरावा समितीसमोर सादर करावा. सोमवार, अकरा वाजता, तिसरा मजला.'

रविवारी दुपारपासून शेखरने जेवण बंद केलं. लग्नकार्य, एसटीचा प्रवास, पोरीची पालकसभा, सगळं त्याने असंच निभावलं होतं.

"अहो, निदान ताकभात तरी खा," सुवर्णा म्हणाली. "पोट दाखवायलाच चाललात ना? मग रिकामं काय दाखवणार?"

"चारचौघांत शोभा नको," शेखर म्हणाला.

समितीत अध्यक्ष खंडेराव आणि सदस्य लताबाई.

"होतंय का काही?" खंडेरावांनी विचारलं.

"आत्ता नाही, साहेब."

"मग केव्हा? दीडला आमचा डबा असतो."

"भाऊ, ओवा खाऊन बघितला का?" लताबाई कळवळल्या.

"पोतंभर खाल्ला, ताई."

अडीच तास समिती त्याच्या पोटाकडे बघत बसली. पोट कधी नव्हे ते शिस्तीत होतं. निकाल लागला, 'अर्जदार शांत आढळला. अर्ज नामंजूर.'

ते 'नामंजूर' पोटाने ऐकलं. शेखर उठला आणि जिन्याकडे पळत सुटला. इथून एकशेपाच पावलं.

"साहेब, हाच की पुरावा!" लताबाई म्हणाल्या.

"सुनावणी संपली," खंडेराव डबा उघडत म्हणाले. "विनापरवानगी उठला, तेही लिहा."

या सुनावणीचा खंडेरावांना फार तणाव झाला. तो त्यांनी स्वतःच प्रमाणित केला आणि तळमजल्यावरचं टेबल घेतलं. समितीवर शांत माणूस हवा, म्हणून त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खुर्चीत शेखरला बसवलं.

हिशेब असा: खेपेमागे खंडेरावांची चौऱ्याण्णव पावलं वाचली, शेखरची पस्तीस वाढली. उरलेली एकोणसाठ कुणाच्या नावावर टाकायची? सोमवारी कामावर निघताना, चपला घातल्यावरही, "एक मिनिट हं" म्हणून तुम्ही पोट धरून परत आत जाता ना? तुमच्याच नावावर.