खिडकी, समिती आणि भगदाड

आमच्या स्वयंपाकघरात भर दुपारीही बल्ब लावावा लागतो. एके रविवारी कोथिंबीर निवडता निवडता यशोधरा (माझी बायको, माहेर महाळुंगे पडवळ, आवाज थेट माहेरापर्यंत पोचेल असा) म्हणाली, "रस्त्याच्या अंगाला एक खिडकी काढून घ्या." खिडकीच ती! मी "बरं" म्हणालो आणि तिथून सगळा तमाशा सुरू झाला.

कारण आमच्या ग्रामपंचायतीनं नुकतीच 'गाव-सौंदर्य समिती' काढलीय. मेन रोडच्या बाजूची वीटसुद्धा हलवायची तर तिची मंजुरी लागते. ठीक आहे, गाव नीटनेटकं दिसावं असं मलाही वाटतं. पण समितीवर कोण? अध्यक्ष धर्माजी, ज्यांचं टाईल्सचं दुकान आहे. सदस्य जानकू, मंडप-डेकोरेशनवाले. तिसरे सरपंचांचे मेहुणे, ज्यांचा सौंदर्याशी संबंध एवढाच की ते रोज दाढी करतात!

मी अर्ज घेऊन त्यांच्यापुढं उभा राहिलो.

"खिडकी काढा, पण भिंतीला टाईल्स लागतील," धर्माजी म्हणाले.

"आन् वर कमान, बाजूला खांब," जानकू म्हणाले. "कसं, लगीनघर वाटलं पायजे."

"अवो, आमचं लगीन होऊन पोरं शाळंत जायला लागली, राव!"

"आन् तो जिना पाडून टाका," मेहुणे म्हणाले. "लई वंगाळ दिसतोय."

"कुठला जिना? आमच्या घराला जिनाच न्हाई!"

तिघांनी एका मोबाईलमध्ये डोकी घातली. फोटो शेजारच्या कुशाबाईंच्या घराचा होता. बिचाऱ्या कुशाबाईंनी अर्जही केला नव्हता, तरी त्यांचा जिना निम्मा पडल्यात जमा होता. चूक समितीची, आणि नामंजूर माझा अर्ज! का, म्हणून विचारलं तर धर्माजी म्हणाले, "शोभत न्हाई."

माझं डोकंच फिरलं. घरी येऊन छिन्नी-हातोडा काढला.

"गवंडी बोलवा," यशोधरा म्हणाली.

"माझं घर, माझी भिंत!" मी गरजलो आणि घाव घातला.

संध्याकाळपर्यंत भिंतीला भगदाड पडलं. ते चौकोनी नव्हतं, गोलही नव्हतं. (भूमितीत त्याला नाव नाही.) शिवाय ते इतकं खाली झालं, की सगळा उजेड ओट्याखालच्या सिलिंडरवर पडायला लागला. भिंतीतली वायर तुटल्यानं बल्बही गेला.

"सिलिंडर लख्ख दिसतोय," यशोधरा म्हणाली. "भाजी तेवढी चाचपून चिरते."

हा सगळा राग मी ग्रामसभेत काढला. "समिती पायजेच," मी माईक घट्ट धरून म्हणालो, "पण ज्याचा माल खपणार त्यानं तिच्यात बसायचं न्हाई! बांधकामातलं कळणारं एक तरी माणूस घ्या. घरात राबणारी एक तरी बाई घ्या. आधी नियम सांगा, मग अर्ज मागा. फोटो बघून न्हाई, जागेवर येऊन बघा. नामंजूर केलं तर कारण सांगा. आन् सदस्याच्याच घराचा विषय निघाला, तर त्यानं बाहेर थांबायचं!"

टाळ्या पडल्या. (माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं गेल्याची ही पहिलीच वेळ.) सगळं एकमतानं मंजूर झालं. आता नव्या समितीवर माझं नाव येणार म्हणून मी कॉलर सारखी केली. नावं आली: रिटायर ओव्हरसियर हनुमंतभाऊ, बचत गटाच्या सोनीबाई, आणि यशोधरा.

पहिलाच विषय आमच्या खिडकीचा. समिती घरी आली. यशोधरा नियमाप्रमाणे बाहेर, भिंतीलगत जाऊन बसली. हनुमंतभाऊंनी टेप लावला, मग खाली वाकून भगदाडाकडं बराच वेळ पाहिलं.

"खिडकी मंजूर," ते म्हणाले. "ओट्याच्या वर काढा, उजेड बरोबर पडंल. हे भोक बुजवा. गवंडी कोण व्हता?"

"बाहेरगावचा व्हता एक," मी म्हणालो.

"त्याला परत भिंतीला हात लावू द्यायचा न्हाई. तसा ठरावच करू."

सोनीबाईंनी हात वर केला. हनुमंतभाऊंनीही केला. आणि या विषयावर मताचा अधिकार नसलेल्या यशोधरेनं बाहेरून भगदाडात बांगड्यांसकट हात घातला आणि कोपरापासून सरळ वर केला.