एक वाचणार, एक करणार

घरतसाहेबांना आंघोळीसाठी गिझर लावायचा असला, की मला त्यांच्या न्हाणीघराबाहेर स्टुलावर बसून मोठ्याने वाचावं लागतं.

"पायरी एक. बादली नळाखाली आहे याची खात्री करणे."

"बादली नळाखाली आहे," आतून आवाज येतो.

"पायरी दोन. हात कोरडे आहेत याची खात्री करणे."

"हात कोरडे आहेत."

"पायरी तीन. बटण दाबणे."

"बटण दाबतो." टक्. "बटण दाबलं!"

मग मी कागदावर तीन खुणा करायच्या, वेळ लिहायची आणि खाली सही ठोकायची. आंघोळ त्यांची आणि सही माझी! आमची ही म्हणते, "उद्या साबण लावायला बोलावतील." बोलावलं तर मी जाईन, हेही तिला ठाऊक आहे, म्हणून जास्त चिडते.

पनवेलला तळ्याजवळच्या सोसायटीत आमची दारं समोरासमोर. मी कदम, बसस्टँडवरचा निवृत्त कंट्रोलर. "उरणकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे" हे ओरडण्यात माझा जन्म गेला. घरतसाहेब त्या उरणकडचेच. मिठागरात राबणाऱ्या घरातले पहिले इंजिनिअर. नोकरी डेटा सेंटरमध्ये. "म्हणजे नक्की काय हो?" असं मी एकदा विचारलं आणि माझे दोन तास गेले. सारांश इतकाच, की लोकांचे बँकेचे व्यवहार, फोटो, निरोप सांभाळणारी यंत्रं एका थंडगार इमारतीत रात्रंदिवस चालू असतात. त्यांची वीज क्षणभरही जाऊन चालत नाही. आणि ती वीज सांभाळताना माणूस मरूनही चालत नाही. पहिल्या गोष्टीची काळजी करणारे कंपनीत पुष्कळ होते. दुसरी घरतसाहेबांकडे होती.

तरुणपणी त्यांच्या एका सोबत्याने एकट्यानेच, घाईघाईत चुकीचं विजेचं पॅनेल उघडलं आणि दोन्ही हात भाजून घेतले. तेव्हापासून साहेबांचा नियम: एकट्याने कशाला हात लावायचा नाही. एकाने पायरी वाचायची, दुसऱ्याने ती परत म्हणून दाखवायची आणि मगच करायची. वाचणाऱ्याने हत्याराला शिवायचं नाही, करणाऱ्याने कागदात डोकवायचं नाही. करणाऱ्याने परत म्हटलं नाही, तर वाचणाऱ्याने तीच पायरी पुन्हा वाचायची, आणखी मोठ्याने. पुढे साहेब सुरक्षेचे नियम ठरवणाऱ्या दिल्लीच्या समितीवर गेले. समितीने काढलेल्या नियमांच्या जाडजूड पुस्तकात साडेचार ओळी त्यांच्या आहेत. नाव कुठेच नाही. "नाव कशाला हवं?" असं म्हणतात आणि लगेच पान उघडून दाखवतात.

पण त्या साडेचार ओळींत निम्मा वाटा सुधावहिनींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा. वहिनी आपटा गावच्या, सातवी शिकलेल्या. साहेबांच्या हाताखालची मुलं बेलपाड्याची, उरणची, म्हणून साहेब पायऱ्या आधी मराठीत लिहायचे आणि कंपनीत नेण्यापूर्वी घरी तालीम करायचे. वहिनी ओट्याशी उभ्या राहून वाचणार आणि साहेब स्वयंपाकघरातल्या स्विचबोर्डासमोर हात मागे घेऊन उभे. वहिनी जिथे अडखळतील ते वाक्य खोडायचं. तिला कळलं नाही म्हणजे मी चुकलो, असा साहेबांचा कायदा. वहिनींना विचारलं तर म्हणायच्या, "आमी काय, नुसतं वाचायचं. आमाला कळलं नाय की हे खोडणार."

साहेब निवृत्त झाले आणि वर्षभरात मुलीचं बाळंतपण आलं. वहिनी बेंगळुरूला गेल्या. तीन महिन्यांसाठी. त्याला आता चौदा महिने झाले.

साहेबही गेले होते, आठ दिवसांसाठी. लेकीच्या घरातल्या एकूण एक बटणाला चिठ्ठी लावली. जावयाला मिक्सरच्या पायऱ्या वाचायला बसवलं. तिसऱ्या दिवशी जावयाला अचानक ऑफिसच्या कामासाठी चेन्नईला जावं लागलं! साहेब काय समजायचं ते समजले आणि परत आले. दुसऱ्या दिवशी माझ्या हातात कागद दिला. म्हणाले, "कदमराव, तुमचा आवाज स्वच्छ आहे." निवृत्त झाल्यापासून माझ्या आवाजाला कुणी चांगलं म्हटलं नव्हतं. मी भुललो.

सुरुवात इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालण्यापासून झाली. तिथपर्यंत ठीक होतं. मग गिझर आला, कुकर आला. एके दिवशी पाहतो तर लोणच्याची बरणी उघडण्याच्या सहा पायऱ्या! माझं डोकंच सणकलं.

"साहेब, लोणच्यात कुठला आलाय करंट?"

"बरणी काचेची आहे," ते म्हणाले.

उघडली बाबा एकदाची. साहेब आत बघत राहिले. "सुधाने जाताना घातलं होतं. तळाला आलंय."

माझा राग कुठल्या कुठे गेला. या माणसाला बरणी उघडायला कुणी नको होतं. ती उघडल्यावर शेजारी कुणीतरी हवं होतं. इतक्या सह्या ठोकल्या मी, आणि एवढी साधी गोष्ट डोक्यात शिरली नाही. स्वतःचीच लाज वाटली.

रोज सकाळी अकराला वहिनींचा फोन यायचा. त्यावर साहेब काय बोलणार? "पाणी वेळेवर. वीज ठीक. तब्येत ठीक. सर्व सुरळीत." शिफ्ट संपल्यावर रिपोर्ट द्यावा तसं. पलीकडून वहिनी म्हणायच्या, "बरं हाय," आणि फोन ठेवायच्या. मी म्हणायचो, "अहो, एकदा 'ये' म्हणा की! जीभ झिजते का?" तर म्हणे, "ती नातीत रमली असेल. आपण कशाला मध्ये?"

मग लेकीचा निरोप आला. आईला आता कायमची इथेच ठेवून घेऊ का? शनिवारी नक्की सांगा, म्हणजे तिचं उरलेलं सामान न्यायला माणूस पाठवते.

शनिवारी साडेदहालाच साहेबांनी मला हाक मारली. अंगात इस्त्रीचा शर्ट. त्यांनी दिलेल्या कागदावर शीर्षक होतं, 'सुधाला फोन करणे'. फोन स्पीकरवर ठेवला, कारण जनरेटरच्या सोबतीत साहेबांचे कान कामातून गेलेत.

"वाचा," ते म्हणाले.

"पायरी एक. फोन लावणे."

"फोन लावतो."

फोन लागला तसा मी आवाज खाली आणला. म्हणजे माझ्या मते खाली. "पायरी दोन. नातीची चौकशी करणे."

"छकुली कशी आहे?"

"चालायला लागली हाय," वहिनी म्हणाल्या. "आज तुमी कसा केलात फोन?"

"पायरी तीन. सर्व सुरळीत आहे असे न सांगणे."

"इथं सर्व..." साहेब म्हणाले आणि जीभ चावून थांबले.

"पायरी चार. तू परत ये, तुझ्यावाचून करमत नाही, असे सांगणे."

साहेब गप्प. नियम म्हणजे नियम. मी पुन्हा वाचलं, जरा मोठ्याने. तरी गप्प. तिसऱ्यांदा माझ्या नकळत स्टँडवरचा आवाज लागला, आणि ती पायरी आमच्या सोसायटीबरोबर बेंगळुरूलाही पोचली.

"कोण? कदमभावोजी?" वहिनींनी विचारलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "हो वहिनी."

"अक्षर त्यांचंच हाय?"

"त्यांचंच."

"मग आता तुमी गप बसा. वाचणाऱ्याचं आयकलं. करणाऱ्याचं आयकायचं हाय."

साहेबांनी फोन दोन्ही हातांत धरला. समित्या गाजवलेला माणूस! त्यांच्या तोंडून गावची बोली मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

"सुधा, ये गो तू. करमत नाय."

पलीकडून वहिनींचा रडवेला आवाज आला. "चौदा महिने रोज फोन करते मी. रोज वाटतं, आज बोलवतील. तुमचं आपलं रोज सगळं सुरळीत. मला वाटलं, माझं काय कामच नाय तिथं."

साहेब लहान पोरासारखे रडत होते. माझ्या हातातल्या कागदावर अजून एक पायरी होती. 'ती नाही म्हणाली तर हरकत नाही असे सांगणे.' त्यावरचं अक्षर बाकीच्यापेक्षा सुबक होतं. बहुतेक हीच पायरी त्यांनी सगळ्यात आधी लिहिली असावी.

वाचणाऱ्याने पायरी गाळायची नसते. मी गाळली, आणि आवाज न करता माझ्या घरी आलो.