टेक ऑफची सात मेंढरं

"आबा, एका शब्दाचे सात अर्थ हायत आन् त्यातले तीनच डोक्यात राहायलेत!" असं म्हणत रुपालीनं पुस्तक मांडीवर आपटलं, तेव्हा तिचा आजा येडबा कनवटीला चुन्याची डबी चाचपत होता. हात तिथंच थांबला.

"एका शब्दाला सात? इंग्रजाकडं शब्दाचा दुष्काळ पडला व्हता का काय?"

शब्द होता 'टेक ऑफ'. सोमवारी पूर्णेतल्या एका खासगी शाळेत रुपालीची मुलाखत होती. शिक्षिकेची जागा एकच. तिथल्या अर्पिता मॅडमची खोड साऱ्या तालुक्याला ठाऊक होती. त्या इंग्रजीतला एकच शब्द विचारायच्या, पण त्याचे सगळे अर्थ मागायच्या, आणि सगळे सांगणारा उमेदवार मिळेपर्यंत शब्द बदलायच्या नाहीत. बोरीची एक पोरगी चार अर्थांवर अडकली, तर तिला चहा पाजून मोठ्या प्रेमानं परत पाठवलं होतं.

रुपालीची ही तिसरी मुलाखत. तिच्या बापानं, शिवशंकरनं, आधीच बजावलं होतं, "ह्या खेपेला न्हाई जमलं तर काठी घ्यायची आन् मेंढरामागं चालायचं."

"सांग बरं, काय काय अर्थ हायत?" येडबा सरसावून बसला.

"इमान उडालं, टेक ऑफ. अंगातला सदरा काढला, तेबी टेक ऑफ. माणूस एकाएकी उठून निघून गेला..."

"तेबी?"

"तेबी."

येडबानं डबी बाजूला ठेवली. "रुपे, माझी एकशे ऐंशी मेंढरं हायत. मी कवा मोजल्यात का? तोंड बघितलं की कळतंय, कोण आलंय आन् कोण ऱ्हायलंय. तुझे सात अर्थ सात मेंढरायला देऊन टाक. अर्थ डोक्यातून जाईल, मेंढरू कुठं जातंय?"

कळप त्या वेळी पूर्णेजवळ बन्सीधरच्या मोकळ्या रानात बसवलेला होता. रानाला लेंडीखत मिळावं म्हणून बन्सीधरनं तो महिनाभर ठेवून घेतला होता. तिथंच वाटणी झाली. काट्याच्या कुंपणावरून उडी घेणाऱ्या मेंढीला विमान मिळालं. शेजारच्या ज्वारीकडं पसार होणारीला 'निघून जाणं'. बाकीचेही अर्थ ज्याच्या त्याच्या स्वभावाप्रमाणं वाटले गेले. शनिवारपर्यंत रुपालीचं असं पाठ झालं की कळप चरायला निघाला की सातही अर्थ तिच्या समोरून चालत जायचे.

फक्त एक गोष्ट तिनं आज्याला सांगितली नव्हती. चार वर्षं परभणीच्या वसतिगृहात काढल्यामुळं तिला सगळ्या मेंढरांची तोंडं सारखीच दिसायची. म्हणून तिनं गुपचूप सातजणींच्या मानेखालच्या लोकरीत सात रंगांचे दोरे गाठवले होते.

रविवारी दुपारी ती मुलाखतीसाठी गावातून फोटो काढून आली आणि रानाच्या कडेलाच थबकली. कातरणी झाली होती. पाहुणेरावळे कात्र्या पुसत जेवायला बसले होते. एकशे ऐंशी मेंढरं उघडीबोडकी, एकीला झाकावं अन् दुसरीला काढावं अशी उभी होती.

"आबा! कातरलं कामून?"

"उन्हाळा तोंडावर आलाय. पंध्रा दिसामागंच ठरलं व्हतं की."

"आन् लोकर?"

"पोत्यात भरून आत्ताच टेम्पोत गेली. घोंगड्यावाल्याकडं."

"माझे दोरे होते त्यात!"

सगळं ऐकून येडबाचं तोंड उतरलं. "म्हंजे तू एकाबी मेंढराचं तोंड बघितलंच न्हाईस?" एवढंच तो बोलला आणि ताटावरून उठला. कासाबाईनं, म्हणजे रुपालीच्या आजीनं, नातीला डोळे वटारून दाखवले.

सोमवारी अर्पिता मॅडमनी चष्मा नाकावर आणत विचारलं, "टेक ऑफ?"

रुपालीनं तीन अर्थ धडाधड सांगितले. चौथ्याला तिच्या डोळ्यांसमोर कातरलेला कळप उभा राहिला आणि पुढचा अर्थ काही केल्या आठवेना. तेवढ्यात खिडकीबाहेर आरडाओरडा झाला.

"ओ बाबा, मेंढरं आत न्हेता येत न्हाईत!" वॉचमन ओरडत होता.

"कामून? शाळाच हाय न्हवं?"

बन्सीधरच्या टेम्पोतून उतरून येडबा सात मेंढरांसह खिडकीखाली येऊन उभा होता. त्यानं आवाज न करता एकीची हनुवटी धरून वर केली. रुपालीनं पहिल्यांदा नीट बघितलं. अर्धवट मिटलेले डोळे, जगाशी काही देणंघेणं नसलेलं तोंड.

"सुट्टी घेणं!" ती ओरडली.

दुसरीचं गुबगुबीत, तृप्त तोंड वर झालं. "धंदा जोरात चालायला लागणं!"

"ही कॉपी आहे का?" मॅडमनी दरडावलं.

"मॅडम, वही न्हाई, पुस्तक न्हाई. मेंढरं हायत," रुपाली म्हणाली.

मॅडम उठून खिडकीशी आल्या. येडबानं आणखी एक हनुवटी धरली. रुपाली तोंड उघडणार, तोच तो म्हणाला, "थांब. बाईला वळखू दे."

मेंढी एका पायानं लंगडत होती. मॅडम वाकून बघू लागल्या. "लंगडी म्हणून हिची... किंमत कमी करणं? सूट देणं?"

"बराब्बर!"

मॅडमचा चेहरा शाळकरी पोरीसारखा खुलला. "पुढची दाखवा ना, बाबा."

पुढची मेंढी दोनदा बारीक खोकली आणि एकदा मोठ्यानं. मॅडमनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "आजारी आहे ही. हिलाही सुट्टीच हवी."

"चुकलं," येडबा शांतपणे म्हणाला.

रुपालीला हसू आवरेना. "मॅडम, ती माझ्या आजीची नक्कल करायलीय. आजी मिसरी लावताना अशीच खोकती. नक्कल करणं, सातवा अर्थ!"

मॅडमनी टेबलावरचा सात अर्थांच्या यादीचा कागद उचलला, वाचला आणि खाली ठेवला. "माझंच चुकलं," त्या म्हणाल्या. "रुपाली, गुरुवारपासून या."

फाटकाबाहेर येडबानं मेंढरं टेम्पोत चढवली. मग नातीला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "दोनातली एकच आली बाईला. पर चुकलं तर चुकलं म्हणती, मानूस साफ हाय. ऱ्हा तिच्यापाशी. शिकंल हळूहळू."