पोट्याचा मान

कोंबडीचा पोटा लिंबाहून थोडा लहान असतो. कोंबडीला दात नसतात, म्हणून ती बारीक खडे गिळते आणि या पोट्यात त्या खड्यांनी दाणे दळते. आमच्याकडे कोंबडी शिजली की हाच अवयव घरातल्या कर्त्या पुरुषाच्या ताटात जातो, आणि मग बाकीचं घर शांतपणे जेवतं. जगातली बरीचशी शांतता अशीच टिकून आहे: कोणी काय खायचं हे आधीच ठरलेलं असतं. कायुंगा गावाजवळच्या आमच्या प्राथमिक शाळेने ही शांतता मुलांना रीतसर शिकवायचं ठरवलं, हे योग्यच झालं.

शांतता सप्ताहासाठी पुस्तिका आली होती. तिच्यातला चौथा उपक्रम ‘वाटून खाऊ या’. पाचवीच्या मुलांनी मातीची कोंबडी केली, तिचे सुटे भाग सगळ्यांत सारखे वाटले आणि एकच असलेला पोटा वर्गातल्या सर्वांत लहान मुलीला दिला. (उत्तर न्याय्य, पण उद्धट. दहापैकी चार.)

“वर्गात एवढी मोठी माणसं उभी असताना?” कवीसा सरांनी विचारलं. ते आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ शिक्षक.

“पण सर, तो मातीचा आहे,” एक मुलगा म्हणाला.

“मान मातीचा नसतो,” सर म्हणाले.

यावरून मातीने काम भागणार नाही हे सिद्ध झालं. पुस्तिकेत ‘स्थानिक साधनं वापरावीत’ असं लिहिलेलं आहे. सर्वांत जवळचं स्थानिक साधन म्हणजे शाळेच्या कुंपणापलीकडे राहणाऱ्या नाबुकेराची कोंबडी. ही पाचवीतलीच, अकरा वर्षांची मुलगी. कोंबडी तिला तिच्या आत्याने दिलेली, आणि पिल्लाची कोंबडी तिने स्वतः केलेली. ‘आपली वस्तू इतरांना देणे’ या सदरात तिला पूर्ण गुण मिळाले. ‘दिल्याचा आनंद’ या सदरात पाचपैकी शून्य.

कोंबडी सोमवारी आली आणि केळीच्या सोपटाने शिक्षकखोलीच्या टेबलाच्या पायाला बांधली गेली. शुक्रवारी ती पानात बांधून शिजवायची आणि सर्वांनी समान वाटून खायची होती. समानतेबद्दल कोणाचंच दुमत नव्हतं. प्रश्न फक्त पोट्याचा होता.

मुख्याध्यापक सेबुगुझी सर हे शाळेचे कर्ते पुरुष, म्हणून पोटा त्यांचा. पण शुक्रवारी शांतता प्रकल्पाचे पर्यवेक्षक लुब्वामा साहेब पाहुणे म्हणून येणार, म्हणून तो त्यांचा. कवीसा सर दोघांपेक्षा वयाने मोठे, म्हणून त्यांचाही. पोटा कापून तिघांत वाटावा असं मी सुचवलं. त्यावर, एक तृतीयांश मान हा पूर्ण अपमान असतो, असं एकमताने ठरलं. (बायकांना पोटा वाढतच नाहीत. त्यामुळे मला तटस्थ निरीक्षक नेमलं.)

बुधवारपर्यंत कवीसा सर आणि मुख्याध्यापक एकमेकांशी बोलेनासे झाले, आणि शाळेत आजवर कधी नव्हती एवढी शांतता पसरली. गुरुवारी कोंबडीने टेबलाखाली अंडं घातलं. ते विनावाद मुख्याध्यापकांकडे गेलं. सप्ताहाचं पहिलं ठळक यश म्हणून त्याची नोंद झाली.

नाबुकेरा रोज मधल्या सुट्टीत मुठीत मक्याचे दाणे घेऊन यायची.

“बाई, आज सोडतील का तिला?”

“आज न्यायाचा धडा आहे. वर्गात जा.”

“मग उद्या?”

“उद्या समारोप आहे.”

ती दाणे टाकायची, आणि कोंबडी ते दळायची.

शुक्रवारी केळीची पानं धगीवर धरून मऊ करून झाली. चुलीवर पाणी उकळू लागलं. लुब्वामा साहेब आले, पोट्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही हे ऐकून, “माझं काही म्हणणं नाही,” म्हणाले आणि पहिल्या खुर्चीवर बसले. दुसऱ्या खुर्चीवर कोण बसणार यावर थोडा वेळ गेला. शेवटी मुख्याध्यापकांना सातवा उपक्रम आठवला: ‘मुलांचा आवाज ऐकू या’. मूल मोठ्यांचा मान राखणारच, आणि मुलाच्या तोंडून आलेल्या निर्णयावर कोणाला रुसता येत नाही, असा त्यामागचा विचार.

नाबुकेराला बोलावलं. रीतीप्रमाणे ती सर्वांसमोर गुडघे टेकून बसली.

“बोल बाळ,” सेबुगुझी सर म्हणाले. “ज्याचं त्याला द्यावं, हे आठवडाभर शिकलीस. आता सांग, पोटा कोणाला?”

वाचकांनीही एव्हाना मनातल्या मनात कोणाची ना कोणाची बाजू घेतली असेल: पाहुण्यांची, कर्त्याची किंवा वयाची. तिन्ही मतं विचारार्ह आहेत, आणि तिन्हींसाठी पाणी उकळतंच आहे.

नाबुकेराने टेबलाखाली पाहिलं.

“कोंबडीला, सर,” ती म्हणाली.