विमानात एक लेकरू कमी

आमची करिश्मा टोरांटोला असते. तिचं पहिलं बाळंतपण. डॉक्टरनं सतरा तारीख दिली होती आणि आम्ही दोघांनी पंधराला पोचायचं ठरवलं होतं. "बाबा, तिकिटं मी काढून पाठवते," असं ती फोनवर म्हणाली. त्यावर "बरं" म्हणून फोन ठेवायचा. पण मी म्हणालो, "नको. मी काढतो."

रेणापूर तालुक्यात एकतीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस आहे मी. वैजनाथ शेषेराव पडिले. जनगणना, मतदारयादी, पोषण आहार, गावातल्या शौचालयांची मोजणी... सरकारनं पाठवलेला एकही फॉर्म मी कोरा परत केलेला नाही. (चुकीचे भरलेले असतील. कोरा नाही.) मग विमानाच्या फॉर्मला काय भ्यायचं?

विमान कंपनीही मीच शोधली. तिचं नाव मला आजही उच्चारता येत नाही. पाच व्यंजनं नुसती एकमेकांच्या अंगावर पडलेली, मध्ये स्वराचा पत्ता नाही. ती ज्या देशाची, तो देश भूगोलाच्या पुस्तकात एका ओळीत आटोपतो, आणि ती ओळ मी दरवर्षी "घरी वाचून घ्या" म्हणून सोडून दिलेली. त्या देशात उतरायचं आणि तिथून टोरांटोचं विमान धरायचं, असा एकूण बेत.

फॉर्ममध्ये नावाच्या आधी एक चौकट होती. तिच्यावर बोट टेकवलं की यादी खाली उतरायची. मिस्टर, मिसेस, मिस, डॉक्टर, आणि त्यांच्यात एम-एस-टी-आर. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मास्तर! आपल्या एसटीत आमदाराला राखीव सीट असते, पण मास्तराला कोणी विचारत नाही. आणि ह्या परक्या लोकांनी यादीत मास्तराला डॉक्टरच्या शेजारी बसवलं होतं! मला भरून आलं. मी बायकोला, सत्यशीलाला, हाक मारली.

ती खारका फोडत होती. तिनं मोबाईलकडं पाहिलं आणि म्हणाली, "एकदा करिश्माला इचारा."

"तिला काय विचारायचं? तिला एबीसीडी कोणी शिकवली?"

"म्या शिकवली. तुमी शाळंत होतात."

मी मास्तरवर बोट दाबलं आणि फॉर्म पाठवून दिला.

हैदराबादच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीनं माझा पासपोर्ट पाहिला, मग मला पाहिलं, मग पडद्याकडं पाहिलं.

"मास्टर?" तिनं विचारलं.

"येस," मी ताठ झालो. "थर्टी वन इयर्स."

ती गोंधळली. मागं रांग पार दरवाजापर्यंत गेलेली, एक गृहस्थ घड्याळ दाखवून ओरडत होते. तिनं मान हलवली आणि बोर्डिंग पास माझ्या हातात दिला. मी सत्यशीलाकडं वळून म्हणालो, "पाहिलंस? मान असतो."

'सीट निवडा' हे फॉर्मातलं पान मला फालतू वाटलं होतं, म्हणून ते मी ओलांडलं होतं. त्यामुळं सत्यशीला बाविसाव्या ओळीत आणि मी चव्वेचाळिसाव्या. तिनं बाळंतविड्याची पिशवी मांडीवर घेतली. डिंक, अळीव, खारीक, सुंठ, आणि वर जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी. हवाईसुंदरीनं ती वरच्या कप्प्यात ठेवायला मागितली तर हिनं पिशवी पोटाशी धरून अशी मान हलवली की तिनं पुन्हा विचारलं नाही.

माझ्या शेजारी नांदेडचे अमृतराव निघाले. मुदखेडला स्टेशनमास्तर होते, आता निवृत्त, लेकाकडं चाललेले.

"म्हणजे दोघंबी मास्तरच की आपण!" ते म्हणाले.

"तिकिटावर काय लिहिलंय तुमच्या?"

"पोरानं काढलंय. मिस्टर लिवलंय बगा."

मला त्यांची दया आली.

विमान उडालं आणि तासाभरातच माझी चुळबुळ सुरू झाली. सीट म्हणजे पहिलीच्या वर्गातला बाक. माझे गुडघे पुढच्याच्या पाठीत आणि पुढच्याची खुर्ची माझ्या छातीवर. डावा पाय आखडला की उजवा पसरायचा, तर तिथं अमृतरावांचा पाय आधीच पोचलेला. समोरच्या पडद्यावर नकाशा होता. त्यातलं विमान एकाच समुद्रावर बसून राहिलेलं. मी दर दोन मिनिटांनी बघायचो. ते हलत नव्हतं आणि मला हलल्याशिवाय राहवत नव्हतं.

इतक्यात जेवण आलं. हवाईसुंदरी हातात वेगळा ट्रे घेऊन माझ्यापाशी थांबली आणि कागदावर बघत म्हणाली, "मास्टर?"

मी हात वर केला. (आयुष्यभर दुसऱ्यांना वर करायला लावला, आज स्वतः केला.)

तिनं माझ्या टकलाकडं पाहिलं. "फॉर चाइल्ड?"

"येस, येस. चिल्ड्रन. ऑल माय लाइफ."

ट्रे माझ्यापुढं ठेवून ती विचारात पडलेल्या चेहऱ्यानं गेली. ट्रेमध्ये अस्वलाच्या आकाराचं सँडविच, नळी खुपसलेला दुधाचा डबा, लाल लुसलुशीत जेली, चित्रं रंगवायची वही आणि सहा रंगीत खडू. अमृतरावांच्या पुढ्यात रबरासारखा कसलातरी पास्ता पडलेला. ते माझ्या ट्रेकडं बघत राहिले.

"मास्तर, तुमालाच येगळं कसं?"

"बाहेरच्या देशांत शिक्षकाची कदर असते, अमृतराव. शैक्षणिक साहित्यसुद्धा देतात."

"अन् रेल्वेवाल्याची?"

मी त्यांना अर्धं अस्वल दिलं.

त्यानंतर मात्र मला बसवेना. मी उठून पाय मोकळे करायला निघालो. मागं स्वयंपाकघरापर्यंत, तिथून पुढं बाविसाव्या ओळीपर्यंत, पुन्हा मागं. पाचव्या फेरीला सत्यशीला म्हणाली, "आता काय हाय?"

"काही नाही. पाय मोकळे करतोय."

"किती मोकळे करायचे? टोरांटोला चालत जायलाव का आपुन?"

ती माझ्यावर चिडली नव्हती. तिचं सगळं लक्ष तारखेवर होतं. "उतरल्यावर दुसरं इमान किती येळानं?" हे तिनं तोवर सात वेळा विचारलं होतं. सव्वा तास, मी सातही वेळा सांगितलं होतं. ते चुकलं तर त्या कंपनीचं पुढचं विमान शुक्रवारी, अठरा तारखेला, हे मात्र मी एकदाही सांगितलं नव्हतं.

परत येताना सगळ्यात मागच्या ओळीत एक सीट रिकामी दिसली. पुढं पाय पसरायला ऐसपैस जागा! चव्वेचाळिसाव्या ओळीत अमृतराव माझ्या सीटवर पाय टाकून, तोंडावरून पांघरूण ओढून झोपलेच होते. मी मागं जाऊन टेकलो, पाय ताणले, आणि जो गाढ झोपलो तो चाकं जमिनीला आपटली तेव्हाच उठलो.

विमान थांबलं. सगळे पिशव्या काढून उभे. पण दरवाजा काही उघडेना. मग घोषणा झाली. आधी त्यांच्या भाषेत, मग इंग्रजीत. त्यातले "मास्टर व्हेज नट" एवढेच शब्द मला कळले. उतरताना शाकाहारी लोकांना शेंगदाणे वाटणार असतील असं वाटून मी बसून राहिलो. दहा मिनिटं गेली. शेंगदाणे आले नाहीत. मी पुढं सरकत अमृतरावांपर्यंत आलो.

"काय झालंय?"

"लेकरू हरवलंय म्हणं एक. उतरायच्या आधी लेकरांची मोजदाद केली, तर एक कमी. घावल्याबिगर दार उघडायचं न्हाई म्हणायलेत."

एक लेकरू कमी! एकतीस वर्षांत चौदा सहली काढल्या मी, एकही पोर मागं राहिलेलं नाही. माझ्यातला मास्तर खडबडून जागा झाला. शिवाय घड्याळ पुढं सरकत होतं, आणि दार लवकर उघडायला हवं होतं ते आम्हालाच.

"सगळे खाली बसा!" मी मराठीत ओरडलो. काय आश्चर्य, दहा-बारा लोक बसले. मी सीटखाली वाकून पाहिलं. वरचे कप्पे उघडले. संडासाच्या दारावर थापा मारून "बाळ, घाबरू नको, बाहेर ये," असं म्हणालो. आतून एक धिप्पाड गोरा गृहस्थ बाहेर आला. मी पुढच्याला गेलो.

"असे कसे आईबाप असतात, अमृतराव?" मी मोठ्यानं बोलत होतो. "एवढंसं पोर एकटं सोडून खुशाल झोपतात! त्या आईला आधी उभं करा."

"बरुबर हाय," अमृतराव माझ्या मागून खुर्च्यांखाली बघत म्हणाले. "गाडी थांबवून धरलीय समद्यांची."

असा शोध घेत घेत मी बाविसाव्या ओळीपाशी आलो. तिथं तीन हवाईसुंदऱ्या आणि टोपीवाला एक अधिकारी माझ्या बायकोला घेरून उभे होते.

"मॅडम, व्हेअर इज युवर चाइल्ड?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"टोरांटो," सत्यशीला म्हणाली.

चौघांनी एकमेकांकडं पाहिलं. एकीनं तोंडावर हात ठेवला.

"नो, मॅडम. युवर चाइल्ड. धिस फ्लाइट."

"आवो, टोरांटो!" तिनं बोटानं लांब दाखवलं. मग मला पाहून म्हणाली, "बरं झालं आलात. किती डाव सांगायचं ह्यास्नी? लगीन होऊन टोरांटोलाच हाय म्हणावं की आपली पोरगी."

मी पुढं झालो. "सर, आय ॲम टीचर. आय विल फाइंड. व्हॉट नेम?"

अधिकाऱ्यानं कागद माझ्यापुढं धरला. सीट चव्वेचाळीस ई. नाव, पडिले वैजनाथ शेषेराव. आणि त्याच्या आधी ती चार अक्षरं, एम-एस-टी-आर.

मी कागद वाचला. पुन्हा वाचला.

"धिस चाइल्ड," अधिकारी म्हणाला.

"धिस..." मी बोट स्वतःच्या छातीला लावलं. "धिस इज मी."

मागून अमृतरावांचा आवाज आला, "घावलं का लेकरू?"

मी मान हलवली. अधिकाऱ्यानं माझा पासपोर्ट मागून घेतला आणि हळूहळू, मला समजेल अशा इंग्रजीत समजावलं. मास्टर म्हणजे बारा वर्षांखालचा मुलगा. जन्मतारीख मी बरोबर भरली होती, पण त्यांच्या यंत्राचा भरवसा पदवीवर जास्त. ज्या हवाईसुंदरीनं मला दूध दिलं होतं, तिला मी त्या मुलाचा बाप वाटलो होतो. अमृतरावांना अर्थ कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर ते चव्वेचाळिसाव्या ओळीपर्यंत हसतच गेले आणि वाटेत ज्याला ज्याला मराठी, हिंदी किंवा तेलुगू येत होतं त्याला सांगत गेले.

सत्यशीला हसली नाही. दार उघडलं होतं, लोक उतरत होते, आणि ती पिशवीच्या गाठीवर हात ठेवून तशीच बसून होती.

"किती येळ ऱ्हायला?"

"पंचवीस मिनिटं."

"अन् हुकलं तर?"

आता सांगावंच लागलं. "शुक्रवारी."

तिनं वर पाहिलं. "म्या तिला शब्द दिलता," ती हळूच म्हणाली. "म्हणलं, तू डोळे उघडशील तवा म्या उशाशी आसंन." पुढं तिला बोलता आलं नाही. तीस वर्षांच्या संसारात मी तिला पुष्कळ वेळा बेजार केलं असेल, पण असं गप्प कधी केलं नव्हतं. मला तिथल्या तिथं विमानाखाली जाऊन बसावंसं वाटलं.

तेवढ्यात त्याच, दूध देणाऱ्या, हवाईसुंदरीनं वाकून तिला काहीतरी विचारलं. सत्यशीलानं डोळे पुसले, स्वतःच्या पोटापुढं हातानं मोठा गोल काढला, म्हणाली, "करिश्मा. टोरांटो. बेबी," आणि दोन बोटं दाखवली. दोन दिवस.

ती पोरगी पिशवी उचलून पळत सुटली. दुसऱ्या कुणाच्या हातात ती पिशवी सत्यशीलानं पहिल्यांदाच जाऊ दिली, आणि साडीचा काष्टा मारल्यासारखा ओचा खोचून तिच्या मागं धावली. मी दोघींच्या मागं. सरकते जिने, काचेचे दरवाजे, अत्तरांची दुकानं. एका वळणावर मी चुकीकडं वळलो, तर हवाईसुंदरी परत आली आणि तिनं माझं मनगट धरलं. पुढचा सगळा विमानतळ मी तसाच, मनगट धरून ओढला जात पार केला. टोरांटोच्या विमानाचं दार लावायला घेतलेलंच होतं. तिनं ओरडून थांबवलं. सत्यशीलानं पिशवी परत घेतली आणि तिच्या गालावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. ती पोरगी दचकली, मग हसली.

दुसऱ्या विमानात आम्हाला शेजारी शेजारी बसवलं. मी खिडकीपाशी, सत्यशीला वाटेवर. तिच्या परवानगीशिवाय मला उठता येत नव्हतं, आणि नऊ तासांत तिनं ती दोनदा दिली.

टोरांटोला करिश्मा स्वतः आली होती, भरल्या पोटानं, आमचे जावई आदर्श ह्यांच्या खांद्याला धरून. मायलेकी गळ्यात पडल्या.

"आई, प्रवासात त्रास नाही ना झाला?" करिश्मानं डोळे पुसत विचारलं.

"न्हाई गं," सत्यशीला म्हणाली. "संग एक लेकरू होतं, त्यानं तेवढं हैराण केलं."

"लेकरू? कुणाचं?" आदर्श आमच्या मागं बघायला लागले.

आणि सांगायला लाज वाटते, पण मीही मागं वळून पाहिलं.