हौश्याचा मान

जगात अशी एकही जागा नाही, जिथं माझी जीप जाणार नाही! हे वाक्य मी १९४६ सालच्या आषाढात आमच्या गोठ्यासमोर, छाती पुढे काढून म्हणालो होतो. ऐकायला माझे वडील हंबीरराव म्हणजे आबा, त्यांचा लाडका बैल हौश्या आणि शेणाची पाटी घेतलेली आई एवढेच हजर होते. पण लिबियाच्या वाळवंटात लष्कराच्या गाड्या हाकून आलेल्या माणसाला श्रोते किती याची फिकीर नसते.

जीप मी लष्कराच्या लिलावात घेतली होती. आमच्या घराण्यात आजवर जे काही ओढायचं ते बैलांनी ओढलेलं. ऊस, मोट, नवरदेव, सगळं! त्यामुळं आबांच्या डोळ्यांत ती गाडी पहिल्या दिवसापासून सलत होती.

"वैरण खात न्हाई, शेण देत न्हाई. कशाला हाय ही?" ते रोज सकाळी विचारायचे.

हौश्याचं मात्र वेगळं होतं. गेल्या बेंदराला त्यानं वेशीत कर तोडण्याचा मान मिळवला होता. बेंदूर हा आमच्याकडचा बैलांचा सण. त्या संध्याकाळी वेशीत पिंपळपानांचं जाड तोरण, म्हणजेच कर, आडवं बांधतात आणि सजवलेले बैल पळवत आणतात. ज्याचा बैल ते तोरण पहिल्यांदा तोडेल, त्या घराला वर्षभर मान. त्यात आमच्या घरचा एक जादा रिवाज होता. मानाचा बैल पुढच्या बेंदरापर्यंत विकायचा नाही आणि त्याच्या खांद्यावर जू ठेवायचं नाही! त्यामुळं हौश्या वर्षभर बसून पेंड खात होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडं पेन्शनीत निघालेल्या मामलेदारासारखा बघत होता.

तर मी ठरवलं, शनिवार-रविवार दोन मित्रांना घेऊन माणदेशातल्या घळींत तंबू ठोकायचा. आमच्याकडं आषाढात चिखलानं पाय निघत नाही, आणि तिकडं धूळ उडत असते. अगदी लिबिया!

आबांनी काठी आपटली. "रविवारी बेंदूर हाय, आप्पा. हौश्याची वेसण धरून तुलाच पळायचंय. कर तुटायच्या आत गाडीसकट वेशीत दिसलास तर गाडी ऱ्हाईल. न्हाई दिसलास, तर सोमवारी कराडात तिचं तुकडं इकतो!"

"दुपारी जेवायलाच येतो की!" मी म्हणालो.

बरोबर दोघे. गुंडा हा तालमीतला पैलवान. तो मागं बसला की जीपची पुढची चाकं विचारात पडायची. दुसरा हरिबा. त्याला घरात बसूनही गाडी लागायची. खाण्यासाठी भाकरी, ठेचा आणि रश्श्यासाठी एक जिवंत कोंबडी घेतली.

घळी पाहून मात्र आम्ही गाडीतच उभे राहिलो. दोन्ही बाजूंना तासल्यासारखे मातीचे कडे, खाली कोरडी पांढरी वाळू आणि कुठंतरी एखादं बोरीचं झाड. हरिबा म्हणाला, "आप्पासो, हितंच थांबूया. लय झ्याक हाय."

"थांबायचं? अरं, चारी चाकं ओढणारी गाडी हाय ही! लिबियात असल्या वाळूत मी झोपा काढत गाडी चालवलीया!" असं म्हणून मी जीप थेट घळीत घातली.

शंभरेक पावलं गाडी झकास गेली. मग बसली. मी जोर दिला, ती आणखी बसली. गुंडा मदतीला खाली उतरला, तेव्हा ती जरा वर आली. तो धक्का द्यायला मागं टेकला, तशी पुन्हा बसली! या गडबडीत कोंबडीनं दोर सोडवला आणि ती सीटखालच्या खोबणीत जी शिरली, ती शेवटपर्यंत निघाली नाही. लिबियात रुतलेली गाडी काढायला कायम दुसरी गाडी असायची, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"बैल आणूया," गुंडा म्हणाला. "वर वाडी दिसती."

वाडीवर गेलो, तर दारोदार बैलांच्या खांद्यांना हळद आणि लोणी चोळणं चाललं होतं. दगडाबाई नावाची एक धिप्पाड बाई पुढं आली. तिच्या दारात दोन उत्तम खिलारी बैल उभे होते.

"मावशी, तेवढी जोडी द्या की. गाडी रुतलीया."

तिनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कोन रं तू? शेतकऱ्याचा पोर का सायबाचा? आज खांदमळणी! खांदं मळल्यावर उद्या रातीपतुर जू ठिवत्यात व्हय?"

मी कपाळावर हात मारला. लष्करात जाईपर्यंत दर बेंदराच्या आदल्या दिवशी मी स्वतः घरच्या बैलांचे खांदे मळले होते! ज्या दोन दिवसांत अख्ख्या मुलखात एक बैल मिळणार नाही, नेमके तेच दोन दिवस मी रुतायला निवडले होते.

रात्र वाळूत काढली. सकाळी आम्ही पुन्हा वाडीत गेलो. बैल शिंगं रंगवून, झुली घालून पुरणपोळी खात होते. आम्ही काल उरलेली भाकरी.

"मावशी," मी अगदी रडकुंडीला आलो, "सांजच्याला वेशीत न्हाई पोचलो तर बाप गाडी मोडून इकल. काय बी करा!"

दगडाबाईनं जरा विचार केला. तिला दया आली असावी. "बैल न्हाई मिळायचा. जू मोकळं हाय, ते न्या की!"

"आन् त्येला जुपू काय?"

तिनं गुंडाकडं पाहिलं. मग माझ्याकडं.

वाचकहो, पुढचं सांगताना मान खाली जाते. अर्ध्या तासानं त्या घळीत मी आणि गुंडा एका जुवाखाली उभे होतो. मागं दोर, दोराला जीप. वाडीतली माणसं धक्का द्यायला, पोरं टाळ्या वाजवायला. आणि काठावर रांगेनं उभे राहून ते खिलारी बैल रवंथ करत खाली बघत होते! त्यांच्या जन्मात असला बेंदूर झाला नसेल.

"हाऽऽ! चल रं राजा!" दगडाबाईनं चाबूक हवेत उडवला.

"मावशी, ह्यो डाव्या अंगाचा आळशी हाय," गुंडा माझ्याकडं बघत म्हणाला.

"त्येला देऊ काय एक?" दगडाबाईनं विचारलं.

मी असा जोर लावला म्हणता! जीप हलली, उसळली आणि कडक वाळूवर आली, तसा मागचा दोर सुटला. दुर्दैवानं आत हरिबा होता. त्याला मी फक्त चाक सरळ धरायला सांगितलं होतं. त्यानं डोळे मिटले, पायाला लागेल ते दाबलं आणि आम्हा दोन बैलांच्या शेजारून जीप सुसाट जाऊन एका खडकावर चढून उतरली.

गाडी शाबूत होती. ब्रेक मात्र गेले. हातब्रेक ओढून पाहिला, तर त्याचा दांडा माझ्या हातातच आला.

"आता रं?" हरिबा म्हणाला.

"ब्रेक थांबायला लागत्यात. आपल्याला थांबायचंय कुठं?" मी म्हणालो. हे मी फार सहज बोललो.

सपाटीवर काही बिघडलं नाही. पण आमच्या गावाला पूर्वेकडून येताना वेशीपर्यंत सरळ उतार आहे. उतारावर आलो तेव्हा सूर्य मावळतीला टेकला होता. खाली हलगी घुमत होती, अख्खा गाव दुतर्फा उभा होता, आणि वेशीत ते पिंपळपानांचं तोरण हलत होतं. बैल नुकतेच सुटले होते! पुढं आमच्या शेजारच्या नानासोंचा काळा बैल, त्याच्या मागं हातभर हौश्या आणि हौश्याच्या वेसणीला लोंबकळत, माझ्या जागी धावणारे साठीतले आबा.

"पोचलो!" मी ओरडलो.

"थांबीव की!" हरिबा ओरडला.

"सरकाऽऽ!" गुंडा ओरडला.

गाव सरकलं. नानासोंचा बैल बिथरून उसात घुसला. हौश्यानं एकदा वळून पाहिलं आणि आबांना घेऊन शहाण्यासारखा बाजूला झाला. आम्ही तोरण तोडून, ते गळ्यात घालून, थेट कडब्याच्या गंजीत शिरलो.

हलगी थांबली. आबा काठी उगारून आले. मी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात नानासो ओरडले, "हे चालायचं न्हाई! माझाच बैल म्होरं हुता! गाडीनं तोडल्यालं धरायचं न्हाई!"

आबांची काठी वरच थांबली. नानासोंचा बैल पुढं होता, हे त्यांनीही पाहिलं होतंच. त्यांनी हळूच काठी खाली घेतली.

"का धरायचं न्हाई? गाडी कुनाची? माझ्या घरची! बांधतो कुठं? माझ्या गोठ्यात! मान आमचा!"

गाव हसून हसून लोळलं, पण मान आमचाच ठरला. आबांनी स्वतः जीपच्या दिव्यांना शिंगांना लावायचा लाल हिंगूळ फासला, बॉनेटवर हौश्याची झूल घातली आणि आईनं तिला ओवाळलं. जीप वाचली! मी तर आनंदानं आबांच्या पायाच पडलो.

सकाळी उठलो, तर जीप गोठ्यात, हौश्याच्या जागी. पुढच्या बंपरला दावं बांधून ते खुंट्याला गुंडाळलेलं.

"आबा, हे काय? मला कराडला जायचंय!"

"कर तोडल्यालं जनावर पुढल्या बेंदरापतुर कामाला लावायचं न्हाई. घरचा रिवाज हाय."

"आवं, पण ती गाडी हाय!"

"काल मान घेताना बैल हुती, आन् आज गाडी झाली व्हय?"

मी सोडायला घेतलेलं दावं पुन्हा गुंडाळलं. सीटखालची कोंबडी तेव्हापासून तिथंच राहते आणि नेमानं अंडी घालते. आबांना ते पसंत आहे. गाडी निदान काहीतरी देते, म्हणतात.

मान गेल्यामुळं हौश्याला मात्र त्याच दिवशी औताला जुंपलं, आणि मागं मला. औताचं पहिलं तास रानाच्या टोकाला संपताना तो थांबला, मान वळवून त्यानं माझ्याकडं पाहिलं, आणि बराच वेळ पाहतच राहिला.

"चल गड्या," मी खाली बघत म्हणालो, "जुवाखाली मीबी जाऊन आलोय."